घोडा, माशी आणि कट-ऑफ : बंदुकीच्या सुट्या भागांवरून काळ ओळखताना

अमरावतीहून नागपूरच्या महामार्गाला लागले की दहा-बारा किलोमीटरवर नांदगाव पेठ येते. या गावाच्या वायव्येला मेळघाटाच्या डोंगरात गाविलगड आहे, पश्चिमेला अकोला जिल्ह्यात अडगाव आहे, आणि अमरावती तालुक्यातच यावली शहीद आहे. तिन्ही ठिकाणांच्या इतिहासात बंदूक आहे. अडगावात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. १५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड पडला आणि किल्लेदार बेनीसिंह लढताना मारला गेला. यावलीचे लोक १९४२ च्या ऑगस्ट आंदोलनातील गोळीबारात बळी गेले, म्हणून गावाच्या नावातच ‘शहीद’ हा शब्द आला.

बंदूक तिन्हीकडे आहे खरी, पण कोणती बंदूक? या प्रश्नाकडे आपल्याकडे फारसे गांभीर्याने पाहिले जात नाही. तलवारीची मूठ, पात्याचा बाक, त्यावरचा ठसा यांवर तासन्‌तास चर्चा होते. बंदुकीच्या वाट्याला मात्र ‘जुनी बंदूक’ किंवा ‘इंग्रजांची बंदूक’ एवढीच चिठ्ठी येते. वास्तविक काळ ठरवण्याच्या दृष्टीने बंदूक तलवारीपेक्षा कितीतरी अधिक बोलकी वस्तू आहे. ती कारखान्यात, ठरलेल्या नमुन्याबरहुकूम, हजारोंच्या संख्येने तयार होत असे. नमुन्यात बदल करायचा तर हुकूम निघे आणि हुकुमाला तारीख असे. त्या तारखेनंतर घोड्याचा आकार बदलला, माशीभोवतीचे कान बदलले, एखादी पट्टी नाहीशी झाली, तर तो बदलच एक कालखूण होऊन बसतो.

गाविलगडापासून सुरुवात करू. १८०३ मध्ये कंपनीच्या मद्रास फौजेतील शिपायांच्या हाती जी चकमकीची बंदूक होती तिला ‘इंडिया पॅटर्न’ म्हणतात. ‘ब्राउन बेस’ या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घराण्यातली ही एक शाखा. नळी ३९ इंचांची, तोंडाचा व्यास सुमारे पाऊण इंच, आत आटे नाहीत. मुळात हा ईस्ट इंडिया कंपनीचा स्वस्त आणि आटोपशीर नमुना होता. ब्रिटिश सरकारी फौजेची त्या काळची बंदूक ४२ इंची नळीची होती. फ्रान्सशी युद्ध पेटले, शस्त्रे कमी पडू लागली, तेव्हा सरकारने १७९० च्या दशकात कंपनीचाच साठा विकत घेतला आणि पुढे तोच नमुना आपल्या सैन्यासाठी स्वीकारला. म्हणजे नेपोलियनविरुद्ध युरोपात लढलेली बंदूक ही मूळची हिंदुस्थानसाठी बनवलेली बंदूक होती. या गोष्टीची गंमत आपल्याकडच्या पुस्तकांत क्वचितच सांगितली जाते.

या बंदुकीचा सर्वांत बोलका भाग म्हणजे चकमक धरणारा घोडा. आरंभी त्याची मान हंसाच्या मानेसारखी बारीक आणि वळलेली असे. ती डौलदार दिसे, पण ऐन प्रसंगी मोडे. १८०९ मध्ये हा आकार सोडून देऊन मानेच्या मागे आधाराची सळी जोडलेला, मध्ये भोक असलेला भरभक्कम घोडा आला. आता समजा, एखाद्या वाड्यात किंवा संग्रहात ‘गाविलगडच्या लढाईतील बंदूक’ अशी चिठ्ठी लावलेली इंडिया पॅटर्न बंदूक आहे, आणि तिच्या घोड्याच्या मानेत भोक आहे. तो घोडा १८०३ चा असू शकत नाही.

पण घोडा म्हणजे बंदूक नव्हे. इथे घाई करणारा अभ्यासक हमखास फसतो. जुन्या कळीवर (चाप, घोडा, कमानी जिच्यावर बसतात ती संपूर्ण यंत्रणा म्हणजे कळ) दुरुस्तीच्या वेळी नवा घोडा बसवला गेला असेल, तर बंदूक लढाईच्या वेळची असून घोडा नंतरचा, असेही संभवते. मग पुढचा पुरावा पाहायचा. कंपनीच्या कळीच्या पट्टीवर आधी हृदयाच्या आकाराचा व्यापारी ठसा, कंपनीची आद्याक्षरे आणि बहुधा वर्ष कोरलेले असे. १८०८ च्या सुमारास त्या जागी मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आला. हृदयाचा ठसा, १८०३ पूर्वीचे वर्ष आणि भोकाचा घोडा, असे आढळले तर चिठ्ठी खरी असण्यास वाव राहतो. सिंह आणि भोकाचा घोडा, असे असेल तर चिठ्ठी काढून ठेवावी. आणि कळीच्या पट्टीवर बुजवलेली स्क्रूची भोके दिसत असतील, तर ती बंदूक पुढे चकमकीवरून टोपीवर उडणारी केली गेली, म्हणजे १८४० च्या आसपास वा नंतरही वापरात होती, हेही कळते.

पुरातत्त्वात एक साधा नियम आहे. मातीच्या थरात सापडलेले सर्वांत अलीकडचे नाणे त्या थराची ‘याच्या आधी नाही’ अशी मर्यादा ठरवते. शंभर जुनी नाणी सापडली आणि त्यांत एकच नवे असले, तरी त्या थराचा काळ नव्या नाण्यामागे ढकलता येत नाही. बंदुकीचेही तसेच आहे. फरक इतकाच की बंदुकीत तो नियम दोनदा लावावा लागतो : एकदा सुट्या भागाला, आणि एकदा ते भाग एकत्र जोडल्या गेलेल्या वस्तूला.

यानंतर गोष्ट १८५७ कडे येते, आणि इथून सुट्या भागांना राजकारणाचा वास येऊ लागतो. चरबी लावलेल्या काडतुसांची कथा सर्वांना ठाऊक आहे. ती काडतुसे ज्या बंदुकीची होती ती १८५३ ची एनफील्ड रायफल, व्यास ०.५७७ इंच, नळीत आटे, आणि मागे उभी करता येणारी शिडीची साइट, तीवर हजार यार्डांपर्यंतच्या खुणा. उठाव मोडल्यावर सरकारने एक विलक्षण काम केले. हिंदी पलटणींसाठी १८५८ चा नवा नमुना काढला. बाहेरून पाहिले तर तीच एनफील्ड. पण नळी आतून कोरून आटे नाहीसे केलेले, व्यास ०.६५६ इंच, आणि शिडीच्या साइटच्या जागी एक बिनहालता ठोकळा. नळी कोरल्यामुळे ती पातळ झाली आणि दबू-फुगू लागली, म्हणून १८५९ च्या नमुन्यात जाड नळी द्यावी लागली.

तो ठोकळा पाहण्यासारखा आहे. लोखंडाचा जेमतेम बोटभर तुकडा. शिडीची साइट असलेला शिपाई सातशे-आठशे यार्डांवर नेम धरू शकतो. ठोकळा असलेला शिपाई शंभराच्या पलीकडे फारसे काही करू शकत नाही. गोऱ्या पलटणीच्या हाती शिडी आणि काळ्या पलटणीच्या हाती ठोकळा, अशी दोन्ही शस्त्रे शेजारी ठेवली तर उठावानंतरचे लष्करी धोरण समजण्यास वेगळे भाष्य लागत नाही. पुढे कित्येक वर्षे हाच क्रम चालू राहिला. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी शिपायांना स्नायडर मिळाली. गोऱ्यांना मॅगझिनची ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा हिंदी शिपायांना मार्टिनी-हेन्री. एक पिढी मागे, नेहमी एक पिढी मागे. अचलपूरजवळ परतवाड्याला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. वऱ्हाडच्या लोकांनी रोज पाहिलेली लष्करी बंदूक ही या मागे ठेवलेल्या पिढीतली होती.

आता ज्या रायफलीमुळे हा विषय सर्वसामान्य माणसाच्या ओळखीचा आहे तिच्याकडे वळू : थ्री नॉट थ्री. चित्रपटांत, पोलीस ठाण्यांत, गणेश विसर्जनाच्या बंदोबस्तात हिने महाराष्ट्राला इतकी वर्षे सोबत केली की तिचे वय विचारण्याचे कोणाला सुचत नाही. तिचे औपचारिक नाव शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड. तिसरा मार्क १९०७ चा. हिंदुस्थानात ती बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होत असे.

या तिसऱ्या मार्कवर युद्धपूर्व काळातील सैन्याच्या साऱ्या आवडीनिवडी कोरलेल्या आहेत. उजव्या बाजूला मॅगझिनच्या वर एक सपाट पोलादी पट्टी आत-बाहेर सरकते, तिला कट-ऑफ म्हणतात. ती आत ढकलली की मॅगझिनमधील दहा गोळ्या झाकल्या जातात आणि शिपायाला एकेक काडतूस हाताने घालावे लागते. वरिष्ठांची समजूत अशी की शिपायाला दहाच्या दहा मोकळ्या दिल्या तर तो उधळेल. डाव्या बाजूला लाकडावर एक तबकडी आणि काटा असे. ती व्हॉली साइट. दोन हजार यार्डांच्या पलीकडच्या जमावावर साऱ्या कंपनीने एकदम गोळ्या झाडायच्या, ही तिची कल्पना. मागची साइट डावी-उजवीकडेही सरकवता येई. बोल्टच्या मागच्या टोकाला गोल मुठीचा कॉकिंग पीस. दस्त्यावर पलटणीचे नाव ठोकण्यासाठी पितळी चकती.

१९१४ मध्ये फ्रान्सच्या चिखलात हे सारे निरर्थक ठरले. दोन हजार यार्डांवर नेम धरायला शत्रू दिसतच नव्हता. तो शे-दोनशे यार्डांवर खंदकात होता. २ जानेवारी १९१६ रोजी तिसऱ्या मार्कला एक तारांकन जोडले गेले. तारांकित मार्कमध्ये कट-ऑफ नाही, व्हॉली साइट नाही, साइटचे आडवे सरकणे नाही. कॉकिंग पीसची गोल मूठ जाऊन खाचा पाडलेला चपटा तुकडा आला. चकतीचीही गरज उरली नाही, कारण पलटणीचे नाव रायफलीवर असणे शत्रूच्या हेरांना सोयीचे होते. एका रायफलीमागे वाचलेला वेळ थोडाच, पण लाखो रायफली करायच्या होत्या.

म्हणून नवशिक्याला शिकवले जाते : कट-ऑफ असेल तर १९१६ पूर्वीची, नसेल तर नंतरची. हा नियम चुकीचा आहे. कट-ऑफ हा एका स्क्रूवर बसणारा भाग आहे. तो काढता येतो, पुन्हा बसवताही येतो. युद्धानंतरच्या शांततेत अनेक रायफलींना तो परत बसवला गेला. उलट युद्धपूर्व रायफलींचा काढूनही टाकला गेला. सहज निघणाऱ्या भागाचा पुरावा दुबळा, धातूतच कोरलेल्या बदलाचा पुरावा बळकट, हे तारतम्य ठेवावे लागते. कॉकिंग पीस बदलायला काही मिनिटे लागतात. बॉडीच्या पोलादातील खाच कोणी सहजासहजी भरत नाही.

मग वर्ष कोठे पाहायचे? दस्ता जिथे बॉडीला मिळतो तिथे लोखंडाचा एक गळा आहे. त्याच्या उजव्या अंगाला मुकुट, खाली अक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि मार्क असतो. इंग्लंडच्या रायफलीवर ‘जीआर’, म्हणजे राजा जॉर्ज. ईशापूरच्या रायफलीवर ‘जीआरआय’, म्हणजे राजा आणि सम्राट जॉर्ज. एका जादा अक्षरात हिंदुस्थानचे पारतंत्र्य मावले आहे. मार्कच्या आधी ‘क्रमांक एक’ असे लिहिलेले असेल तर तो ठसा १९२६ च्या आधीचा नाही, कारण रायफलींना असे क्रमांक देण्याची पद्धत त्या वर्षी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला. त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आणि ‘आरएफआय’, म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूर, ही अक्षरे आली.

पण गळ्यावरचे वर्ष हे फक्त बॉडीचे वर्ष. नळीवर वेगळी तारीख असते, कारण नळी झिजते आणि बदलली जाते. बॉडी, नळी, बोल्टची मूठ, मागची साइट, पुढची टोपी आणि लाकडाचा पुढचा भाग, या साऱ्यांवर एकच अनुक्रमांक ठोकलेला असायला हवा. तो सगळीकडे जुळला तर रायफल कारखान्यातून निघाली तशी आहे. बोल्टवर एक आकडा आणि बॉडीवर दुसरा असेल तर दोन आयुष्ये एकत्र आली आहेत. ईशापूरच्या दुरुस्तीची आणखी एक हमखास खूण म्हणजे मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला एक आडवा स्क्रू. लाकूड फाटू नये म्हणून घातलेला हा स्क्रू इंग्लंडमध्ये तयार झालेल्या, १९१५ चे वर्ष मिरवणाऱ्या रायफलीवर दिसला, तर ती रायफल कधीतरी ईशापूरच्या मेजावर येऊन गेली असे समजावे.

संगिनीबाबतही हेच. १९०७ च्या संगिनीला आरंभी मुठीजवळ एक वळलेला आकडा असे. १९१३ मध्ये तो रद्द झाला. तिचे पाते १७ इंचांचे. हिंदुस्थानात पुढे ही पाती कापून १२ इंचांची करण्यात आली. त्यामुळे आखूड पाते पाहून ‘ही आधीची, लहान संगीन’ असे म्हणणे म्हणजे इतिहास उलटा वाचणे होय. आखूड तीच नंतरची.

आता यावलीकडे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर, आष्टी, बेनोडा, यावली या गावांत जे घडले त्याच्या स्मृतीत ‘पोलिसांनी बंदुका चालवल्या’ एवढेच वाक्य टिकून आहे. बंदूक या शब्दात मात्र त्या काळी दोन अगदी भिन्न शस्त्रे सामावली होती. एक थ्री नॉट थ्री रायफल. दुसरी तिच्यासारखीच दिसणारी, .४१० व्यासाची मस्केट.

ही मस्केट म्हणजे १८५८ च्या ठोकळ्याचा विसाव्या शतकातील अवतार. ईशापूरमध्ये ली-एनफील्डची नळी कोरून आटे काढून टाकले जात आणि मॅगझिनची जागा लाकडी ठोकळ्याने बुजवली जाई, त्यामुळे दहा गोळ्यांची रायफल एकेरी बंदूक होऊन बसे. तिचे काडतूस थ्री नॉट थ्रीच्याच पितळी टोपणाचे, पण मान न आवळलेले, सरळ नळकांड्यासारखे. ही बंदूक पोलिसांना आणि पहारेकऱ्यांना दिली जाई. कारण उघड होते : तिच्यातून रायफलीची गोळी सुटत नाही. ठाणे लुटले गेले तरी लुटणाऱ्याच्या हाती लष्कराच्या तोडीचे शस्त्र लागत नाही. जमावासमोर उभा केलेला शिपाई हिंदी, त्याच्या समोरचा जमावही हिंदी, आणि सरकारचा दोघांवरही विश्वास नाही. हे सगळे मॅगझिनमधल्या त्या लाकडाच्या तुकड्यात आहे.

दोन्ही शस्त्रांतील फरक केवळ हौशी लोकांच्या आवडीचा नाही. .४१० ची मस्केट जवळून चालते आणि एकदा झाडल्यावर पुन्हा भरावी लागते. थ्री नॉट थ्रीची गोळी एका माणसाच्या आरपार जाऊन मागच्याला लागू शकते, आणि कसलेला शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढू शकतो. किती अंतरावरून, किती शिपायांनी, किती वेळ गोळीबार केला, याविषयीच्या सरकारी कागदांची आणि गावातल्या सांगण्याची पडताळणी करायची असेल, तर शस्त्र कोणते होते हा पहिला प्रश्न आहे. त्याचे उत्तर नळीत आटे आहेत की नाहीत, इतक्या साध्या तपासणीवर येऊन थांबते. दिव्याच्या उजेडात नळीतून पाहिले की झाले.

बंदुका ठाण्यात परत जातात, पुढे वितळवल्या जातात. मागे राहते ते काडतुसाचे रिकामे टोपण. हिंदुस्थानात थ्री नॉट थ्रीची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होत. तो कारखाना १८६९ चा. टोपणाच्या बुडावर कारखान्याची अक्षरे (खडकीसाठी ‘केएफ’) आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. बंदुकीसारखे याचे भाग बदलता येत नाहीत. ते एकदाच तयार होते आणि एकदाच वापरले जाते, म्हणून काळ ठरवण्यास ते रायफलीहून सरस. नियम मात्र तोच. ‘४१’ चे टोपण १९४२ मध्ये उडवलेले असू शकते, १९५० मध्येही. काडतुसे पेट्यांत वर्षानुवर्षे पडून राहतात. ‘४४’ चे टोपण मात्र १९४२ च्या गोळीबारातले नव्हे, मग ते कोणाच्याही देवघरात जपून ठेवलेले असो. असे सांगणे कटू असते, पण त्या गावाच्या हौतात्म्याला त्याने काही उणेपणा येत नाही. फक्त एक टोपण यादीतून कमी होते.

ठशातील अक्षरांवरून कारखानाही ओळखता येतो. ‘ओएफव्ही’ असा ठसा दिसला तर टोपण जळगाव जिल्ह्यातील वरणगावचे. तो कारखाना १९६० च्या दशकातला. तेव्हा असे टोपण ऑगस्ट आंदोलनाच्या कोणत्याही प्रदर्शनात शोभणार नाही. त्याच सुमारास ईशापूरने ली-एनफील्डला ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसासाठी घडवले. १९६२ च्या चीन युद्धानंतर शस्त्रांची निकड होती. ही ‘२ ए’ रायफल लांबून थ्री नॉट थ्रीच वाटते. तिचे मॅगझिन अधिक चौकोनी आहे. आधी तिच्यावर जुनीच दोन हजार यार्डांची साइट होती. पुढच्या ‘२ ए १’ वर आठशे मीटरची आली. वृत्तपत्रांत जुन्या छायाचित्रांखाली सरसकट थ्री नॉट थ्री लिहिले जाते, तेव्हा मॅगझिनचा कोपरा पाहून खात्री करता येते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत पोलिसांच्या हाती थ्री नॉट थ्री असल्याची जी चर्चा झाली, ती याच घराण्याच्या रायफलींविषयी होती. १९०७ च्या नमुन्याला तोवर शंभर वर्षे उलटून गेली होती.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. घरात, शेतात किंवा विहिरीच्या गाळात रिकामे पितळी टोपण सापडले की ते चिंचेने घासून लख्ख करण्याचा मोह होतो. बुडावरचा ठसा आधीच उथळ असतो. दोन-चार घासण्यांत वर्षाचा दुसरा आकडा जातो. आधी कोरड्या मऊ कापडाने माती पुसावी, तिरप्या उजेडात बुडाचे छायाचित्र घ्यावे, कोठे आणि किती खोलीवर सापडले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. आणि टोपणाच्या तोंडात गोळी शाबूत असेल तर त्याला हात न लावता पोलीस ठाण्यात कळवावे. ऐंशी वर्षांचे काडतूसही उडू शकते.